विलायतेला जाऊन आलेले तांदूळ

आरोग्य केंद्र, गडचिरोलीहून आत
पोळ्यानंतरचा बुधवार, १९५८

प्रिय दसरूभाऊ,

तिकडे विलायतेत तुला सगळे डॉक्टर डी. आर. म्हणतात हे मला ठाऊक आहे, पण दसऱ्याला जन्मलेल्या माणसाला मी दुसऱ्या नावाने हाक मारणार नाही. आणि तूही पाकिटावर 'मिस रंभा' लिहिणं बंद कर. आमचा पोस्टमन ते बाजाराच्या दिवशी चारचौघांत मोठ्याने वाचतो आणि वर हसतो. तुझं लांबलचक पत्र पोचलं. तिथल्या भारतीय विद्यार्थ्यांच्या मंडळात तुझं व्याख्यान आहे, विषय 'लोकशाही देशांतली आरोग्यव्यवस्था', आणि आपल्या देशाबद्दल बोलायला तुझ्याकडे सरकारी अहवालापलीकडे काही नाही, म्हणून इथलं खरं काय ते मी कळवावं, असं तू लिहितोस. कळवते, मन लावून कळवते. पण आधी घरचं, कारण ते सांगून झाल्याशिवाय दुसरं काही लिहवणार नाही. बाबा अजूनही ऑपरेशनला नाहीच म्हणतात.

नागपूरच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते मी तुला उन्हाळ्यातच कळवलं होतं. जुन्या व्रणाने जठराचं खालचं तोंड आकसलंय, अन्न पुढे सरकत नाही. ऑपरेशन केलं तर माणूस पुढच्या हंगामात पुन्हा धानाच्या बांधीत उभा राहील, नाही केलं तर सुकत सुकत जाईल. तेव्हा बाबा हो म्हणाले होते. 'रोवना होऊ दे, मंग चिरा मले कुठी चिराचं तं,' असं हसत म्हणाले होते. आता धानाची रोवणी आटोपली, पोळा झाला, पण हे गृहस्थ ओसरीवर भिंतीकडे तोंड करून पडलेत. धोतर कमरेला दोनदा गुंडाळावं लागतं. ज्या माणसाने जन्मभर तांदूळ पिकवला त्याला आता भाताचं शीतही पचत नाही. पेज घेतात, तीही अर्धी उलटून पडते. रस्ते मोकळे झाले की दसऱ्याच्या सुमाराला त्यांना नागपूरला न्यायलाच हवं. दिवाळीपर्यंत थांबलो तर अंगात चिरण्याजोगंही काही उरणार नाही, हे मी तुझी बहीण म्हणून नाही, नर्स म्हणून लिहितेय. तू जठराचं चित्र काढून पाठवलंस, ते मी घरी जाऊन त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं, म्हणाले, चांगला हात हाये पोराचा, आणि पुन्हा कूस बदलली. मी भांडले, रडले, भाकर टाकून उठले. काही उपयोग झाला नाही. चाकूला भीत असतील असं तू लिहिलंस. मलाही महिनाभर तसंच वाटत होतं.

आता तुझं व्याख्यान. तुझं पत्र मी आमच्या डॉक्टरसाहेबांना वाचून दाखवलं. ते पुण्याकडचे आहेत, तरुण आहेत, खादी घालतात आणि मनाने फार चांगले आहेत. तू लिहिलंस की युद्धाने कंगाल झालेल्या इंग्लंडने ठरवलं, आजारी माणसाला दारात कोणी पैसे विचारायचे नाहीत, आणि दहा वर्षांपासून खाणीतला मजूर आणि बँकेतला साहेब एकाच वॉर्डात शेजारी शेजारी झोपतात. हे ऐकून त्यांचे डोळे भरून आले. अमेरिकेसारख्या श्रीमंत मुलखात मात्र नोकरी चांगली असेल तर विमा, नाहीतर म्हातारपणी एक आजार आला की घर विकायची पाळी, हे वाचल्यावर ते उठून खोलीत फेऱ्या घालायला लागले. कॅनडात इस्पितळाचा खर्च सरकारने उचलायला यंदाच सुरुवात केली, स्वीडनमध्ये तीन वर्षांपूर्वी प्रत्येकाला विमा सक्तीचा केला, न्यूझीलंडने तर युद्धाच्याही आधी हे काम सुरू केलं होतं. एवढं सगळं तू एकेका देशाला खुर्ची मांडून बसवावं तसं लिहिलंस. मला त्यातलं एक वाक्य फार आवडलं. तू म्हणतोस, इथला मजूर इस्पितळात मान वर करून येतो, कारण दर आठवड्याला त्याच्या पगारातून कापून जातं, त्याला वाटतं हे आपलंच आहे. हे वाक्य ध्यानात ठेव, मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

आमच्याकडचं लिहून घे. एक डॉक्टर, एक मी, एक कंपाउंडर, एक झाडूवाली आणि सहा खाटा. ही सगळी तयारी किती गावांसाठी आहे ते मी मोजत नाही. पावसाळ्यात नाले भरले की निम्मी गावं आमच्यासाठी विलायतेपेक्षा लांब होतात. डी.डी.टी. फवारणारे येऊन जातात, भिंतीवर तारीख लिहून जातात, आणि खरं सांगते, हिवताप कमी झालाय. पेनिसिलीनची सुई तर लोकांना देवाच्या अंगाऱ्याहून मोठी वाटते. म्हणजे सगळंच वाईट आहे असं व्याख्यानात सांगू नकोस. पण औषध गडचिरोलीला पोचतं आणि तिथून इकडे यायला त्याला महिना लागतो. दुधाच्या भुकटीचे डबे येतात ते उघडेपर्यंत ओले झालेले असतात. अहवालात आमचं केंद्र आहे, नकाशावर लाल ठिपका आहे. ठिपका खोटा नाही, पण ठिपक्याभोवतीचं जंगल नकाशावर हिरवं दिसतं, चिखलाचं दिसत नाही.

आणि एक गोष्ट तू विसरला असशील. आपल्या लहानपणी सरकारी माणूस जंगलातल्या गावात आला की कोंबडी, तूप, मध, मोहफुलं काय हाती लागेल ते उचलून न्यायचा. जंगलाचा शिपाई न्यायचा, लस टोचणाराही न्यायचा. आमच्या डॉक्टरसाहेबांना हे ऐकून संताप आला होता. म्हणून आल्या आल्या त्यांनी दारावर पाटी लावली: 'येथे सर्व उपचार मोफत. कोणीही काहीही आणू नये.' तुझं पत्र आल्यावर ती पाटी त्यांनी नव्याने रंगवून घेतली आणि खाली आपल्या हाताने एक ओळ वाढवली, 'हा तुमचा हक्क आहे.' वाचता येणारी माणसं इकडे बोटावर मोजण्याएवढी, तरी पाटी छान दिसते.

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात कोलू त्याच्या बायकोला घेऊन आला. कोलू नाल्यापलीकडच्या पाड्यातला, गोंड, शांत माणूस. मागच्या वर्षी मत द्यायला तो दिवसभर चालून इथल्या शाळेत आला होता आणि जाताना केंद्रात पाणी प्यायला थांबला होता, तेवढीच माझी ओळख. त्याची बायको मंगली बाळंत होऊन चार-पाच दिवस झाले होते. बाळ जन्मतःच गेलं होतं. तिला ताप भरला होता, अंग विस्तवासारखं, शुद्ध येत-जात होती. खाटेला बांबू बांधून चौघांनी तिला पावसात आणलं. बाळंतज्वर होता, उशीर झाला होता, पण हाताबाहेर गेलं नव्हतं. डॉक्टरसाहेबांनी तपासलं, मी सुई दिली, आणि पाच दिवस इथेच ठेवावं लागेल असं ठरलं. तेव्हा कोलूने घोंगड्याखालून एक काळी कोंबडी काढली, पाय बांधलेली, आणि डॉक्टरसाहेबांच्या टेबलापाशी ठेवली.

डॉक्टरसाहेब हसले. खुर्चीवरून उठले, कोंबडी स्वतःच्या हातांनी उचलली, कोलूच्या हातात परत ठेवली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी हळू, गोड आवाजात म्हणाले की काही काळजी करू नको, बायको बरी होईल. यापेक्षा चांगलं कोणी वागू शकलं नसतं. मी तिथेच उभी होते, मला उलट त्यांचा अभिमान वाटला. कोलूने मान हलवली आणि कोंबडी घेऊन व्हरांड्यात जाऊन बसला. बरोबरच्या माणसांशी तो गोंडीत दोन शब्द बोलला. दुपारी आम्ही जेवायला गेलो आणि परत येऊन पाहते तर मंगलीची खाट जागेवर नव्हती. पाऊस कोसळत होता आणि ते तिला घेऊन निघून गेले होते.

डॉक्टरसाहेब फार चिडले. म्हणाले, या लोकांचा औषधावर विश्वासच नाही, करणार काय आपण. मी छत्री घेतली आणि निघाले. तू मला ओळखतोसच, रागापेक्षा माझे पाय आधी सुटतात. नाला भरून वाहत होता म्हणून ते अलीकडेच अडकले होते. मोहाच्या झाडाखाली खाट ठेवली होती, वर पळसाच्या पानांचा आडोसा केला होता आणि कोलू बायकोच्या तोंडात पानाने पाणी घालत होता. पळून आलेल्या माणसासारखा तो अजिबात दिसत नव्हता. माझा संताप तिथेच निम्मा ओसरला. मी विचारलं, काऊन आणलंस रे तिला? तो म्हणाला, 'तुमच्या डॉक्टरनं कोंबडी वापस केली. मले समजलं. मंग इथी काऊन मरू देऊ? घरी नेतो.'

भाऊ, मी तिथे चिखलात उभी राहिले आणि सुकलू पुजारी माझ्या डोळ्यांपुढे आला. तुला आठवतो का? उंच, एका डोळ्याने अधू, या सगळ्या पट्ट्यात आजारी माणसं बघत गावोगाव फिरायचा. आपल्या गावात गोंडांकडे जायचा तसा आपल्याकडेही यायचा. त्याची रीत अशी होती की आजारी माणसाच्या घरचं जे आणलेलं असेल ते त्याने ठेवून घेतलं, म्हणजे त्याने तो आजार आपल्या अंगावर घेतला, आता तो झगडणार. आणि ज्याचं काही खरं नाही असं त्याला दिसायचं त्याचं तो परत करायचा. 'मरणार' हा शब्द तो कधी उच्चारत नसे. कोंबडी हळूच हातात परत द्यायची, खांद्यावर हात ठेवायचा आणि गोड बोलायचं. लोक समजून घ्यायचे आणि माणसाला आपल्या घरात, आपल्या माणसांत मरायला घेऊन जायचे. आमच्या डॉक्टरसाहेबांनी अगदी तेच केलं होतं, तंतोतंत, खांद्यावरच्या हातासकट.

मी कोलूला म्हटलं, कोंबडी मला दे. त्याने ती घोंगड्याखाली ओढली. मी म्हटलं, डॉक्टर नवा आहे, त्याला कळलं नाही, मी घेते. त्याने दिली. मग आमची वरात निघाली: पुढे पांढऱ्या साडीत मी, काखेत कोंबडी, मागे खाट, आणि कोंबडीने वाटेत माझ्या साडीवर जे करायचं ते केलं. हसू नकोस. केंद्रात आल्यावर मी डॉक्टरसाहेबांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ते खुर्चीत मटकन बसले. मग उठून बाहेर आले, माझ्या काखेतली कोंबडी घेतली, सगळ्यांसमोर तिचे पाय सोडले आणि मागच्या अंगणात सोडून आले. नियमात ते कुठे बसतं ते त्यांनाही कळत नाही, मलाही नाही. पण मंगली जगली. अजून अशक्त आहे, बाळासाठी रडते, रोज संध्याकाळी कोलू तिला आधार देऊन अंगणात चालवतो. कोंबडी आता अंडी देते, ती खाटेवरच्या माणसांना जातात. पाटीवरची दुसरी ओळ मात्र डॉक्टरसाहेबांनी स्वतः पुसली, 'कोणीही काहीही आणू नये' ही.

तुझ्या व्याख्यानात घालायचं असेल तर हे घाल. तुझ्या मजुराच्या पगारातून आठवड्याला कापून जातं, म्हणजे आजारी पडायच्या आधीच त्याने आपली कोंबडी देऊन ठेवली आहे आणि सरकारने ती ठेवून घेतली आहे. म्हणून तो मान वर करून येतो. आमच्या कोलूकडून सरकार आधी काही मागत नाही, पुढे काही घेतही नाही, त्याने मत दिलं तेवढंच काय ते घेतलं. त्याला फुकट मिळतं, पण तो त्यात कुठेच नसतो. मला तुझ्याएवढं शिक्षण नाही, अर्थशास्त्र तर नाहीच, पण कुठल्या देशात काय फुकट आहे हे सांगशील तेव्हा आजारी माणसाचा हात कुठे रिकामा राहतो तेही सांग. आणि आमच्याकडे आधी रस्ता करा, पूल करा, औषध वेळेवर धाडा, हेही ठणकावून सांग, नाहीतर लोक म्हणतील, बघा, यांना कोंबडीच हवी होती.

इथवर व्याख्यान झालं. आता पुढचं फक्त तुझ्यासाठी.

माय गेली तेव्हा तू ब्रह्मपुरीला शाळेत होतास. तुला निरोप पोचला तो 'माय गेली' एवढाच. तू आलास तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्याआधीचं तुला कोणी सांगितलं नाही, आणि मी तेव्हा लहान होते, पण दारात उभी होते. मायलाही तापच होता. बाबांनी तिला गाडीत घालून ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं होतं, बैल जुंपले होते. निघायच्या आधी त्यांनी सुकलूला बोलावलं, तांबडा कोंबडा दिला. सुकलूने मायच्या उशाशी बसून पुष्कळ वेळ पाहिलं आणि कोंबडा बाबांच्या हातात परत दिला. फार गोड बोलला तो. बाबांनी बैल सोडले. माय तिसऱ्या दिवशी गेली. त्यानंतर बाबांनी कधी त्या गोष्टीचा उच्चार केला नाही, आणि नाल्याकाठी त्या मोहाच्या झाडाखाली उभी राहीपर्यंत मीही ती कुठेतरी पुरून ठेवली होती. तुला मात्र त्या वर्षापासून बाबांनी एकच घोष लावला, पोरगा डॉक्टर झाला पायजे. शेजारच्या गावात नाटक असलं की तुला आणि मला गाडीत घालून न्यायचे आणि परतताना झोपलेल्या तुझ्या डोक्यावर हात ठेवून तेच म्हणायचे.

मंगलीला परत आणून खाटेवर ठेवलं आणि मला एकाएकी आठवलं, बाबांनी ऑपरेशनला नाही कधीपासून म्हटलं. चैत्रात हो होतं. ज्येष्ठात हो होतं. रोवणीत त्याचं नाही झालं. आणि रोवणीतच काय घडलं होतं, तर बाबा गुडघाभर चिखलात उभे होते, पोस्टमन शेताच्या धुऱ्यावरून हाका मारत आला आणि तुला पाठवलेलं तांदळाचं पार्सल त्यांच्या हातात दिलं. आपल्या बांधीतला वासाचा चिन्नोर. माघात, आजार कळायच्याही आधी, त्यांनी स्वतः पाखडला, स्वतः पिशवी शिवली, वडशाच्या स्टेशनापर्यंत स्वतः गेले. नागपूरला शिकत होतास तेव्हा दर वर्षी न्यायचे तसाच. तो विलायतेला जाऊन जसाच्या तसा परत आला होता, शिवण न उसवता. नंतर तुझं पत्र आलं, व्याख्यानाबद्दल चार पानं, आणि शेवटी दोन ओळी: कस्टमच्या कचेरीत जाऊन पार्सल सोडवून घ्यावं लागतं, सुटी मिळत नाही, म्हणून परत पाठवा असं कळवलं, इथे सगळं मिळतं, उगाच त्रास घेऊ नका. मी ते बाबांना वाचून दाखवलं होतं. ते म्हणाले होते, हो, असन.

मी पुन्हा रजा घेऊन घरी गेले. बाबा ओसरीवर होते, पिशवी वर फळीवर होती, तशीच शिवलेली. मी त्यांच्या पायापाशी बसले आणि विचारलं, भाऊने तांदूळ परत केले म्हणून का? त्यांनी पाय आखडून घेतले. मग भिंतीकडे पाहतच म्हणाले, 'तो डॉक्टर हाये व रंभे. त्याले सगळं समजते. बापाले तोंडानं कसा सांगन तो?'

मी सांगितलं की तसं नाही, भाऊने ऑपरेशन कराच म्हणून लिहिलंय, चित्र काढलंय. ते म्हणाले, सुकलूबी गोडच बोलला होता तुया मायले. मी कस्टम समजावलं, सुटी समजावली. ते ऐकत राहिले, मान हलवत राहिले, आणि शेवटी मलाच समजूत घातल्यासारखं म्हणाले की त्याच्यावर राग धरू नोको, त्याचा जीव लय दुखला असन वापस करताना. भाऊ, त्यांना तुझा राग आलेला नाही. त्यांना तुझी कीव येतेय. आपल्या बापाचं मरण एवढ्या लांबून ओळखावं लागलं म्हणून त्यांना तुझ्यासाठी वाईट वाटतंय, आणि तुला अवघड वाटू नये म्हणून ते मुकाट्याने मरायला निघालेत. मी त्या दिवशी मागच्या दारी जाऊन लहान पोरीसारखी रडले. तुझा इतका राग आला होता की हे पत्र तेव्हाच लिहिलं असतं तर तू ते पुरतं वाचलं नसतंस.

म्हणून हे पत्र. व्याख्यानाचं सगळं खरं आहे, पण त्यासाठी मी एवढा कागद भरला नसता. तू परत येशील की नाही हे मी आज विचारत नाही. ते तुझं तू ठरव. फक्त बाबांना आता ऑपरेशनबद्दल एक अक्षर लिहू नकोस, आजाराबद्दल नको, माफी नको, खुलासा तर मुळीच नको. जेवढं गोड लिहिशील तेवढे ते खचतील. खोटंही लिहू नकोस, तुझं खोटं त्यांना लहानपणापासून कळतं. या पाकिटात एक पुरचुंडी शिवून ठेवली आहे. फळीवरच्या पिशवीची शिवण मी उसवली, बाबांच्या देखत, आणि त्यांनी मला अडवलं नाही, नुसतं विचारलं, 'घेईन का तो?' मी म्हटलं, घेईल. मूठभरच आहेत. हे पाकीट हवाई डाकेने येतंय, कुठल्या कचेरीत जावं लागणार नाही, सुटी लागणार नाही. ते शिजव, खा, आणि त्याच दिवशी बाबांना, माझ्या पत्त्यावर, एवढंच लिही की तांदूळ पोचले, खाल्ले, आणखी पाठवा. तू मागितलेस की ते उठतील, मला ठाऊक आहे. पिशवी पुन्हा शिवायला तरी उठतील, आणि उठलेल्या माणसाला नागपूरला कसं न्यायचं ते माझ्याकडे लागलं. रोज पोस्टमनची वाट पाहीन, तो कितीही हसला तरी. तांदूळ फार चोळून धुऊ नकोस, वास जातो. आणि जाऊन-येऊन जुना झालाय तो, पाणी जरा जास्त लागेल.

तुझीच,
रागावलेली आणि तुझ्याच भरवशावर बसलेली
रंभी